सनरूफची गाडी धुताना आधी पन्हळ बघा

औशाचे एक गुरुजी मृग निघाल्यावर आठवडाभरानं माझ्या दुकानात आले. गाडी जेमतेम दोन वर्षांची, पांढरी, सनरूफवाली. "मामा, वरची काच गळायली. चारी बाजूंनी सिलिकॉन मारून द्या, पैशाचं काय व्हायचं ते होऊ द्या," म्हणाले. मी आत बसून रूफच्या कापडावर हात फिरवला. वाचायच्या लाइटपाशी कापड गार लागलं, बोट दाबलं तर पाणी वर आलं. डाव्या बाजूचं पायाखालचं मॅटिंग उचललं तर खालचा फोम चहात बुडवलेल्या पावासारखा झालेला.

सनरूफ उघडून काचेखालच्या पन्हळीत टॉर्च मारला. डाव्या कोपऱ्यात ज्वारी होती. पिवळी-लाल रंगवलेली, वीस-पंचवीस दाणे, आणि दाण्या-दाण्याला बोटाच्या पेराएवढा पांढरा कोंब. वैशाखात पुतणीचं लग्न झालं होतं, नवरी ह्याच गाडीतून गेली होती. आमच्याकडं अक्षतांना ज्वारी रंगवतात. ती टपावर पडली, फटीतून खाली गेली, पहिल्या पावसात भिजून फुगली आणि पाणी जायच्या भोकावरच उगवली. चिमट्यानं एकेक दाणा काढला, भोकातून नायलॉनची तार फिरवली, कपभर पाणी ओतलं. पुढच्या चाकामागं बारीक धार पडली. गुरुजी वाकून त्या धारेकडं बघत राहिले. काचेला, रबराला काहीच झालेलं नव्हतं. सिलिकॉनचा ठिपकाही लावावा लागला नाही.

मी लातुरात कुशनचं काम करतो. सीट कव्हर, रूफचं कापड, खालचं मॅटिंग. २६ वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात ओलं रूफ घेऊन कुणी यायचं नाही, कारण आपल्याकडच्या गाड्यांना सनरूफच नव्हतं. आता दहा-बारा लाखांच्या गाडीलाही ते असतं आणि दर पावसाळ्यात पाच-सहा गाड्या अशाच येतात. धुण्याची चुकीची पद्धत आणि तुंबलेल्या नळ्या, बहुतेक वेळा कारण ह्या दोनांतलंच निघतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माळवद आणि साणं

सनरूफ समजून घ्यायचं तर माळवद आठवा. निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबांचं घर माळवदाचं होतं. लाकडाचा सांगाडा, वर मातीचा जाड थर. उजेड यावा, चुलीचा धूर जावा म्हणून मध्ये साणं ठेवलेलं. पाऊस आला की कुणीतरी पळत वर जाऊन साण्यावर फरशी ठेवायचं, तरी चार थेंब आत यायचेच. त्याची कुणाला फिकीर नसायची. फिकीर असायची ती पन्हळीची. मृगाच्या आधी आजोबा दोन कामं चुकवायचे नाहीत. वर नवी माती टाकून चोपायची आणि कडेच्या पन्हळींतला पालापाचोळा हातानं काढायचा. पन्हळ तुंबली की पाणी वर साचायचं आणि मातीतून वाट काढत माणसांच्या अंथरुणावर यायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागातली बरीच माळवदं गेली, पत्रे आणि स्लॅब आले. पन्हळ साफ करायची सवयही त्यांच्याबरोबर गेली.

गाडीचं सनरूफ हे त्या साण्यासारखंच आहे. काचेभोवतीचं रबर बरंचसं पाणी अडवतं, सगळं अडवत नाही, आणि ते सगळं अडवेल असं धरून बनवणाऱ्यानं गाडी बनवलेलीच नसते. रबराच्या खाली चौकटीत एक पन्हळ असते. आत आलेलं पाणी तिच्यात पडतं. पन्हळीच्या कोपऱ्यांना भोकं असतात, भोकांना करंगळीपेक्षा बारीक नळ्या जोडलेल्या असतात. बहुतेक गाड्यांना अशा चार नळ्या. पुढच्या दोन समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांतून खाली उतरतात आणि पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या पाठीमागं बाहेर पडतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून उतरून मागच्या बंपरच्या आसपास निघतात. गाडीगाडीत थोडा फरक असतो, पण तत्त्व हेच.

आता हे लक्षात आलं की लोक सिलिकॉन मारायला सांगतात तेव्हा मी नाही का म्हणतो तेही लक्षात येईल. फट बुजवली तरी कुठून तरी पाणी आत येणारच. खालची नळी तुंबलेलीच राहिली तर ते पाणी कापडावरच जाणार. वर काच चिकटते, बटण दाबलं की मोटर ताण घेते, काच उघडायच्या नादात मोटर जळते. नांदेडहून आलेल्या एका गाडीत वाळलेलं सिलिकॉन कोरून काढायला माझा अख्खा दिवस गेला, आणि त्याच्याखाली दोन्ही पुढच्या नळ्या मातीनं बंद होत्या.

कपभर पाण्याची परीक्षा

ही परीक्षा कुणालाही करता येते, दहा मिनिटं लागतात. गाडी सपाट जागेवर लावा. सनरूफ पूर्ण उघडा. पुढच्या कडेला, काच सरकायच्या रुळांच्या बाहेरच्या अंगाला पन्हळ दिसते, तिच्या कोपऱ्यात भोक. कपात पाणी घ्या, अर्धा कप पुरे, आणि त्या कोपऱ्यात हळूहळू सोडा. दुसऱ्या माणसाला त्याच बाजूच्या चाकामागं उकिडवं बसवा. दहा-पंधरा सेकंदांत खाली धार दिसायला हवी. धार आली तर ती बाजू मोकळी. थेंब-थेंब आलं तर अर्धी तुंबलेली. पाणी पन्हळीत तसंच उभं राहिलं तर बंद, मग आणखी पाणी ओतू नका, ते फडक्यानं टिपून घ्या. दोन्ही बाजू वेगवेगळ्या बघा.

मागची भोकं बऱ्याच गाड्यांत काचेखाली झाकलेली असतात, हात पोचत नाही. अशा वेळी गाडीचं तोंड चढावर करून उभी करा आणि बाजूच्या पन्हळीत थोडं पाणी सोडा. ते मागं वाहत जातं आणि मागच्या चाकाजवळ निघतं. अख्ख्या टपाची काच असलेल्या गाड्यांत मागच्या नळीचा संशय आला तर मात्र स्वतः काही उचकू नका, वर्कशॉपला न्या.

पन्हळ साफ करताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. ब्रश घेऊन कचरा लोटतात, आणि लोटलेला कचरा जातो तो थेट भोकात. पाला आधी चिमट्यानं उचला किंवा व्हॅक्यूमनं ओढून घ्या, मग ओल्या फडक्यानं पुसा, शेवटी जुन्या दातांच्या ब्रशनं कोपरे. आपल्याकडं गाडी सावलीला लावायची म्हणजे लिंबाखाली नाही तर चिंचेखाली. फाल्गुन-चैत्रात लिंबाची पानगळ होते, नंतर मोहोर गळतो, पुढं लिंबोळ्या. लिंबाचं पान फटीत अडकतं तरी. चिंचेचं पान इतकं बारीक असतं की ते सरळ खाली उतरतं आणि भोकापाशी थर करून बसतं. सोयाबीनच्या मळणीत उडणारं फोलकट तर त्याहून वाईट, ओलं झालं की चिखलासारखं घट्ट होतं. म्हणून वर्षातून दोनदा बघा. एकदा वैशाखाच्या शेवटी, मृगाच्या आधी. दुसऱ्यांदा सोयाबीनच्या राशी झाल्यावर, दिवाळीच्या आसपास. लग्नाला गाडी दिली असेल तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी.

नळी तुंबली असेल तर

गवत कापायच्या मशीनला जी नायलॉनची तार लावतात ती घ्या. कोणत्याही शेती अवजारांच्या दुकानात मिळते. दोन मिलिमीटरच्या आसपासची, गोल. तिचं टोक काडेपेटीनं जरा वितळवून गोळीसारखं गोल करा, म्हणजे नळीला आतून ओरखडा जाणार नाही. ती बोटांत फिरवत फिरवत हलक्या हातानं भोकात सोडा. वळणावर अडली तर जोर लावू नका, थोडी मागं घ्या, फिरवा, पुन्हा सोडा. लोखंडी तार, सायकलची स्पोक, छत्रीची काडी हे काहीही घालू नका. नळी फाटली तर फाटल्याचं कळतही नाही, पाणी खांबाच्या आत सुटत राहतं.

तार फिरवून झाल्यावर गुरांच्या डॉक्टरांकडं असते तशी मोठी सिरिंज, सुईशिवाय, कोमट पाणी भरून भोकाला टेकवा आणि अगदी हळू दाबा. पाण्यात गाडीच्या शॅम्पूचे दोन थेंब टाकले तर मळ लवकर सुटतो.

कंप्रेसरची हवा मारू नका. हे मी स्वतः चुकून शिकलोय. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांच्या गाडीत मी शेजारच्या पंक्चरवाल्याकडून हवेचा पाइप आणून भोकाला लावला. फट्ट असा आवाज आला आणि मला वाटलं कचरा निघाला. निघाली होती नळी. ती वरच्या भोकाच्या तोटीवर नुसती दाबून बसवलेली असते, हवेच्या दाबानं सटकली. कपभर पाणी ओतलं तर ते सगळं रूफच्या आत गेलं. अख्खं रूफ उतरवून नळी बसवून दिली, कापड माझ्या खर्चानं नवीन लावलं. त्या दिवसापासून दुकानात हवेचा पाइप सनरूफच्या जवळ नेत नाही.

आणि नळी नेहमी वरूनच तुंबते असं नाही. आपल्या काळ्या मातीत ती खालूनही बंद होते. पुढच्या नळीच्या शेवटी पुष्कळदा रबराचं चपटं तोंड असतं, त्याला बारीक चीर असते. किडा-धूळ वर जाऊ नये, पाणी खाली यावं म्हणून. शेताच्या वाटेनं गाडी गेली, चाकाच्या कमानीत काळा चिखल भरला, वर उन्हात वाळला, की ती चीर सिमेंट लावल्यासारखी बसते. पुढचं दार पूर्ण उघडून बिजागरीच्या आसपास बघा. ते तोंड दिसलं तर दोन बोटांत हलकेच दाबून चुरडा, वाळलेली माती गळून पडते. कधी कधी कुंभारीण माशी तिथं घर करते, ते मातीचं घरही असंच फोडून काढावं लागतं.

खांबांची प्लास्टिकची पट्टी मात्र स्वतः ओढून काढू नका. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग तिथूनच, नळीच्या शेजारून जाते. ते काम बॅटरीची तार काढून, माहितगार माणसानंच करावं.

हातानं धुणं

आता धुण्याचं. घरी हातानं धुतलेली गाडी सगळ्यात चांगली राहते असं माझं मत आहे, आणि त्याला फार पाणीही लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्या उन्हाळ्यात आठ-आठ दिवस नळाला पाणी नसायचं आणि मी शपथ घातल्यासारखं ठरवलं की गाडीवर पुन्हा पाइप सोडायचा नाही. पाइप मोकळा सोडला तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर जातं, दहा मिनिटांत शंभरच्या वर. मी दोन बादल्यांत धुतो, तिसरी अर्धी बादली शेवटी फिरवायला. चाळीस लिटरच्या आत काम होतं.

दोन बादल्या का? एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मऊ हातमोजा किंवा जाड मायक्रोफायबर शॅम्पूच्या बादलीत बुडवायचा, गाडीच्या एका भागावर फिरवायचा, मग साध्या पाण्यात पिळून त्यातली माती सोडायची, मगच पुन्हा शॅम्पूत. एकाच बादलीत केलं तर काढलेली माती पुन्हा गाडीवरच घासली जाते. आपल्या धुळीत बारीक कच असते. सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी झटकायची सवय तर सोडाच. उन्हात बॉनेटकडं तिरकं बघा, गोल गोल बारीक रेघा दिसतील, त्या सगळ्या त्या फडक्याच्या.

आधी नुसतं पाणी टाकून माती ओली होऊ द्या, दोन-चार मिनिटं थांबा. काळी माती घाई केली तर निघत नाही आणि रंग घेऊन जाते. मग टप, काचा, बॉनेट, दारं, शेवटी खालचा भाग. चाकांना वेगळं फडकं. फडकं खाली पडलं तर ते त्या दिवशी पुन्हा गाडीला लावायचं नाही. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण वापरू नका. त्यानं गाडीवरचं पॉलिश निघतं आणि रबर कोरडं पडतं.

पाण्याबद्दल एक गोष्ट सांगतो जी आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. बोअरचं पाणी जड. ते गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके राहतात, काळ्या गाडीवर तर पुरळ उठल्यासारखे. म्हणून सकाळी लवकर किंवा सावलीत धुवा आणि लगेच पुसा, वाळू देऊ नका. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी साठवून त्यानं गाडी धुणारे पुष्कळ आहेत, हेतू चांगला आहे. पण मशीन पाण्यातले क्षार त्याच वाया जाणाऱ्या पाण्यात सोडतं, म्हणजे ते बोअरच्या पाण्याहूनही जास्त खारट. ते अंगण धुवायला, संडासात टाकायला वापरा. गाडीवर शेवटचा हात फिरवायला घरातल्या एसीच्या नळीतून पडणारं पाणी घ्या. ते हवेतल्या वाफेचं पाणी, त्यात क्षार नसल्यासारखेच. मे महिन्यात एका एसीखाली रात्रभरात अर्धी बादली सहज भरते. काचांवर त्यानं एक डाग राहत नाही. जुने ठिपके असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान करून, गाडी गार असताना, फडक्यानं मिनिटभर लावा आणि लगेच धुऊन काढा.

सनरूफचं रबर शॅम्पूच्या ओल्या फडक्यानं कडेकडेनं पुसा, कोरडं करा, आणि फडक्यावर थोडं सिलिकॉन स्प्रे (फट बुजवायचं सिलिकॉन नव्हे) घेऊन बोटानं चोळा. डिझेल, इंजिन ऑइल, व्हॅसलीन लावू नका, त्यानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. रुळांतलं ग्रीस काळं-चिकट झालं असेल तर ते पुसून काढून पातळसा नवा हात द्या. जास्त ग्रीस म्हणजे जास्त धूळ.

वॉशिंग सेंटर आणि मशीनमधलं धुणं

आपल्या भागात बहुतेक ठिकाणी रॅम्प, प्रेशर पंप आणि फोम एवढंच असतं. तिथं गाडी सोडून चहाला जाऊ नका. तिथल्या पोराला आधीच सांगा: टपावर गन लांबून, वरून सरळ, काचेच्या फटीत नाही. दोन-अडीच फूट अंतर ठेवलं तर काही होत नाही. फटीच्या दिशेनं आडवी धार मारली की पाणी रबर उचलून आत जातं आणि पन्हळीची कड ओलांडून कापडावर पडतं. पाऊस असा कधी पडत नाही. चाकाच्या कमानीत गन मारतानाही खालून वर नळीच्या तोंडावर धार बसू देऊ नका, चिखल निघायच्या ऐवजी आत ढकलला जातो. शेवटी चमक यावी म्हणून खालून डिझेल किंवा जुनं ऑइल उडवतात, त्याला स्पष्ट नाही म्हणा. रबराचे बुश आणि पाइप त्यानं खराब होतात.

ऑटोमॅटिक मशीन मोठ्या शहरांत सापडतं. पुण्याला, हैदराबादला गेलात तर वापराल. दोन प्रकार असतात. एकात गाडी पट्ट्यावरून पुढं सरकते, दुसऱ्यात गाडी उभी असते आणि मशीन तिच्यावरून मागं-पुढं फिरतं. ब्रशचं मशीन असेल तर आधीच्या गाडीची माती ब्रशात असू शकते, त्यामुळं नव्या गडद रंगाच्या गाडीला मी ते सुचवत नाही. ब्रश न लावता नुसत्या दाबानं धुणारं मशीन रंगाला बरं, पण त्याचा दाब जास्त आणि साबण तिखट, म्हणजे जुन्या रबराच्या सनरूफला तेच जड जातं.

आत जायच्या आधी सनरूफ पूर्ण बंद आहे, मागून उचललेलं राहिलेलं नाही, हे हात लावून बघा. आरसे मिटा, ऑटो वायपर बंद करा, टपावरचा अँटेना फिरवून निघत असेल तर काढा. पट्ट्याच्या मशीनमध्ये गाडी न्यूट्रलला ठेवतात, तिथला माणूस सांगेल तसं करा. आतला पडदा मात्र उघडा ठेवा, म्हणजे थेंब आला तर कुठून आला ते दिसेल. मशीनमध्ये एखादा थेंब आला म्हणून घाबरून रबर बदलायला जाऊ नका. घरी येऊन कपभर पाण्याची परीक्षा करा, मग बादलीनं टपावर पावसासारखं पाणी सोडून बघा. दोन्हीत कोरडं राहिलं तर तुमचं सनरूफ ठीक आहे.

धुतल्या-धुतल्या सनरूफ उघडायची घाई करू नका. कडा पुसा, पाच-दहा मिनिटं पन्हळीतलं पाणी उतरू द्या. नाही तर काचेवरचं पाणी मागं सरकून थेट रूफवर पडतं आणि लोक म्हणतात गळायलं.

सनरूफचा दोष नसतो तेव्हा

दर ओली गाडी सनरूफमुळंच ओली झाली असं नाही. ब्रेक मारल्यावर किंवा वळणावर वाचायच्या लाइटमधून थेंब पडत असतील तर रूफमध्ये पाणी साचलेलं आहे, तिथं सनरूफच बघा. पाऊस नसताना, उन्हाळ्यात, डाव्या बाजूचं पायाखालचं मॅट ओलं होत असेल आणि पाणी गार-स्वच्छ असेल तर एसीचं पाणी जायची नळी तुंबलेली आहे. पावसात तेच होत असेल आणि रूफ कोरडं असेल तर वायपरखालची जाळी उघडून बघा, तिच्याखाली पाला भरला की पाणी ब्लोअरच्या वाटेनं आत येतं. दाराच्या कडेनं ओल असेल तर दाराच्या आतलं प्लास्टिक शीट फाटलेलं असतं, पुष्कळदा स्पीकर बसवताना. डिकीत पाणी असेल तर मागच्या लाइटचं रबर किंवा सनरूफची मागची नळी, दोन्ही तपासा.

ओली झालेली गाडी वाळवताना

वरचं मॅटिंग हाताला कोरडं लागलं म्हणून समाधान मानू नका. त्याच्याखालचा फोम आठ-आठ दिवस पाणी धरून ठेवतो, कुबट वास तिथूनच येतो, आणि सीटखालच्या वायरिंगच्या जोडांना गंज तिथंच चढतो. गाडीतलं पाणी आधी ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमनं ओढून घ्या. मॅटिंगची कड उचलून खाली विटेचा किंवा लाकडाचा तुकडा ठेवा म्हणजे हवा खेळेल. चारी दारं उघडी ठेवून उन्हात लावा, ढगाळ असेल तर टेबल फॅन लावा. मधूनमधून जुनं वर्तमानपत्र फोमवर दाबून बघा. कागद कोरडा निघाला की झालं. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, ते काढू-घालू नका.

रूफच्या कापडावर चहाच्या कपाखाली उठतो तसा पिवळट गोल डाग राहतो. तो ब्रशनं घासला तर कापड आणि त्याच्यामागचा पातळ फोम सुटून खाली लोंबतो, म्हणून ओल्या फडक्यानं फक्त टिपा. डाग राहिलाच तर कापड बदलता येतं, एका दिवसाचं काम आहे. माझ्याकडं कुणी त्यासाठी आलं की मी आधी सनरूफ उघडून चारी बाजूंना पाणी ओततो. चाकांमागं चार धारा दिसेपर्यंत जुनं कापड उतरवत नाही.